गरम खुर्ची आणि गार चहा

बंद पडलेले मासिक, बंद पडलेले उपाहारगृह आणि बंद पडलेला टी. व्ही.चा कार्यक्रम यांच्याविषयी आपल्याकडे कोणी वाईट बोलत नाही. चालू असताना ज्याला नावे ठेवली, त्याच्याच आठवणीने माणसे पुढे उसासे टाकतात. पंचाईत होते ती बंद पडलेली गोष्ट पुन्हा सुरू झाली म्हणजे. उसासे टाकणाऱ्याला आता मत द्यावे लागते!

'कौन बनेगा करोडपती' हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम अमिताभ बच्चन यांना घेऊन २०१० साली पुन्हा सुरू झाला, तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत जी मते उमटली ती मी कान देऊन ऐकली आहेत. मी स्वतः बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य. दुसऱ्याचे आकडे आणि दुसऱ्याची मते नीट मांडून ठेवणे एवढेच मला जमते. तेव्हा वाचकहो, पुढे जे येईल त्यात माझे थोडे आणि शेजाऱ्यांचे फार, असे धरून चालावे.

प्रथम जुनी हकीकत सांगितली पाहिजे. नाहीतर नव्याबद्दल एवढा गलका कशासाठी, हे तरुण वाचकांना कळायचे नाही. ३ जुलै २०००, सोमवार, रात्री नऊची वेळ. स्टार प्लसवर पहिला भाग लागला. खेळ मूळचा विलायती. ब्रिटनमध्ये तो १९९८ च्या सप्टेंबरात सुरू झाला होता. आपल्याकडे तो उभा केला सिद्धार्थ बसू यांनी. दूरदर्शनवरचा त्यांचा 'क्विझ टाइम' आमच्या पिढीला ठाऊक होताच. आणि प्रश्न विचारायला साक्षात अमिताभ बच्चन! त्या वेळी त्यांचे चित्रपट चालत नव्हते, कंपनी कर्जात होती. मोठ्या पडद्यावरचा नट लहान पडद्यावर आला म्हणजे त्याची उतरती कळा लागली, अशी तेव्हा समजूत असे. ही समजूत आठवडाभरात पुसली गेली. १९८७-८८ साली 'रामायण' लागले म्हणजे रविवारी सकाळी जसे रस्ते ओस पडत, तसे आता सोमवार ते गुरुवार रात्री नऊला पडू लागले. आमच्या स्टेशनवरच्या रिक्षावाल्यांचीसुद्धा त्या तासात तक्रार असे, की गिऱ्हाईक नाही!

प्रश्न पंधरा. पहिल्याला एक हजार रुपये, पंधराव्याला एक कोटी. चार पर्यायांतून एक निवडायचा. अडलात तर तीन आधार: दोन चुकीचे पर्याय गाळून घ्या, मित्राला फोन लावा, नाहीतर प्रेक्षकांचा कौल घ्या. खेळाची खरी खुमारी मात्र प्रश्नांत नव्हती. ती होती मध्येच उठून जाण्याच्या मुभेत. उत्तर ठाऊक नसेल तर मिळाले तेवढे घेऊन घरी जा. आणि धाडस करून चुकलात तर खाली घसरा. पन्नास लाखांवर बसलेला मनुष्य शेवटच्या प्रश्नाला चुकला तर थेट तीन लाख वीस हजारांवर येई. म्हणजे सेहेचाळीस लाख ऐंशी हजारांचा चुराडा, तोही चार अक्षरांपैकी एक चुकीचे उच्चारल्यामुळे!

आमचे वडील, म्हणजे अण्णा, जन्मभर पोस्टाच्या बचतीवर श्रद्धा ठेवून जगले. समोरचा मनुष्य साडेबारा लाखांवर पोचला, की अण्णांच्या हातातला चहा गार होऊ लागे. "ऊठ बाबा, ऊठ आता!" ते पडद्याला हात जोडून सांगत. "मासिक प्राप्तीत टाक आणि सुखी हो." आमचा चिरंजीव तेव्हा कॉलेजात होता, तो ओरडे, "खेळ, खेळ!" एका सोफ्यावर दोन पिढ्या बसलेल्या असत, आणि त्या दोन पिढ्यांचे अर्थशास्त्र रोज रात्री एकमेकांशी भांडत असे. अण्णांच्या मते मिळालेला पैसा आपला. चिरंजीवांच्या मते न मिळालेला पैसासुद्धा आपलाच.

आमच्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांना वेगळेच कौतुक. "अहो, हा मनुष्य समोरच्या पोरालासुद्धा 'आप' म्हणतो! आमच्या शाळेत इन्स्पेक्टर आम्हांला 'आप' म्हणाला नाही." मला वाटते, हेडमास्तरांनी नेमके बोट ठेवले होते. एवढा उंच, एवढा मोठा मनुष्य, आणि समोर बसलेल्या अनोळखी कारकुनाशी तो पाहुण्याशी बोलावे तसा बोलतो, हे आम्हां नोकरदारांना नवे होते. आमच्या साहेबांनी अशी खुर्ची आम्हांला कधी पुढे केली नव्हती.

मग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे हा सत्तावीस वर्षांचा मुंबईचा तरुण पहिला करोडपती झाला. सनदी सेवेच्या परीक्षांचा अभ्यास करणारा मुलगा! शेवटचा प्रश्न राज्यघटनेवरचा होता, संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा कोणाला. उत्तर, ॲटर्नी जनरलला. त्या रात्री आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले. कोणी वाटले हे सांगायला नको. पुढे ज्यांचा उल्लेख येणार आहे ते दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब. "आपला मराठी मुलगा!" ते जिन्यातून ओरडत होते. अभ्यासाची पुस्तके वाचून मनुष्य श्रीमंत होतो, ही गोष्ट मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितली होती. ती खरी झालेली पाहण्याचा योग आम्हांला प्रथमच आला होता.

मधली वर्षे मी भरभर उलटतो. पहिले पर्व २००१ च्या शेवटी संपले. २००५ च्या ऑगस्टात दुसरे आले, रक्कम दोन कोटी झाली. पण बच्चनसाहेब आजारी पडले आणि २००६ च्या जानेवारीत कार्यक्रम अर्ध्यावर थांबला. २००७ साली शाहरुख खान यांना त्या खुर्चीसमोर बसवण्यात आले. आमच्या कन्येला आनंदाचे भरते आले. आमच्या आईचे मत निराळे पडले: "पोरगा गोड आहे हो, पण प्रश्न विचारतोय का थट्टा करतोय, ते कळत नाही." खेळ तोच, संगणक तोच, पैसेही तेच, तरी घराघरांत काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. तीन महिन्यांत ते पर्व संपले आणि पुढे तीन वर्षे काही नाही.

आणि मग ११ ऑक्टोबर २०१०. बच्चनसाहेबांचा अडुसष्टावा वाढदिवस. वाहिनी आता सोनी. नवरात्र चालू होते. आमच्या इमारतीतल्या बायकांनी त्या दिवशी भोंडला लवकर उरकला आणि खिरापत ओळखण्याचा कार्यक्रम तर चक्क दोन मिनिटांत आटोपला. नऊच्या ठोक्याला ते ओळखीचे संगीत वाजले. खरे सांगतो, दहा वर्षांपूर्वी ज्या खोलीत ते ऐकले होते ती खोली मला आठवली. तेव्हा टी. व्ही. पेटीसारखा होता, आता भिंतीला टांगलेला होता. सोफ्याची खोळ बदलली होती. अण्णांना आता आवाज मोठा करून लागत होता. पडद्यावरचा मनुष्य मात्र दहा वर्षांत म्हातारा न होता जास्तच देखणा झालेला. "ह्यांना काही होत नाही," ही म्हणाली, आणि माझ्या पोटाकडे एक दृष्टिक्षेप टाकून आत गेली.

पहिला आठवडा गोडीगुलाबीत गेला. दुसऱ्यापासून मते येऊ लागली.

पहिली तक्रार घड्याळाची. पूर्वी मनुष्य एका प्रश्नावर वाटेल तेवढा वेळ घुटमळे; आता सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळ लावलेले. "विचार करायला वेळच देत नाहीत!" अशी ओरड ज्यांनी केली, त्यांनीच दहा वर्षांपूर्वी "किती वेळ लावतो मेला!" असे म्हटल्याचे मला स्वच्छ आठवते. दुसरी तक्रार जाहिरातींची. तिच्यावर काही बोलण्यात अर्थ नाही. जाहिरातींना नावे ठेवायला पुन्हा जाहिराती पाहाव्या लागतात.

तिसरी तक्रार मात्र वजनदार होती, आणि ती हेडमास्तरांची होती. खेळायला आलेल्या माणसाची आता आधी चित्रफीत दाखवीत. त्याचे गाव, त्याचे घर, गळके छप्पर, आजारी वडील, बहिणीचे लग्न. मागे हळू आवाजात सारंगी. मग तो मनुष्य खुर्चीवर येई, त्याचे डोळे भरत, प्रेक्षकांत बसलेल्या आईचे भरत, आमच्या घरात आईचे आणि हिचे भरत. "पूर्वी माणसाची परीक्षा घेत," हेडमास्तर म्हणाले, "आता माणसाची कहाणी ऐकवतात आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारतात. आणि प्रश्न तरी कसले? पहिला प्रश्न सिनेमाच्या गाण्यावर! चौथीच्या पोराला येईल!"

हेडमास्तरांचे म्हणणे मला बरेचसे पटते, हे इथे नमूद करून ठेवतो. प्रश्नमंजुषा म्हणून नवा कार्यक्रम जुन्यापेक्षा पातळ झाला होता. तासात पूर्वीपेक्षा कमी प्रश्न होत. दुसऱ्याच्या घरातली अडचण सारंगी लावून दाखवणे मला कधीच आवडले नाही. अडचण आपल्या घरातली असती तर आपण दाराला कडी लावली असती. इथपर्यंत हेडमास्तर आणि मी एका बाकावर.

पण त्याच वेळी आमच्याकडे माझ्या चुलतभावाचा मुलगा राहायला होता. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरकडचा, एम. पी. एस. सी.च्या क्लाससाठी आलेला. हा गडी रोज रात्री वही घेऊन टी. व्ही.समोर बसे आणि प्रश्न उतरवून घेई. हेडमास्तरांचे ते भाषण चालू असताना तो मान खाली घालून लिहीत होता. मग म्हणाला, "सर, एक विचारू? गाण्याचा प्रश्न सोपा म्हणता. आमच्याकडं बारा-बारा तास लाइट नसायची. सिनेमाची गाणी मला कुठली येणार? माझ्यासाठी तोच अवघड."

"अरे, पण सामान्य ज्ञान म्हणजे—"

"विम्बल्डन कोण जिंकलं हे सामान्य ज्ञान. मग मृग नक्षत्र कधी निघतं, हे का नाही?"

"सात जूनला," हेडमास्तर सवयीने म्हणाले.

"बघा. म्हणजे तुम्हांला दोन्ही येतं. आम्हांला एकच येतं, अन्‌ नेमकं तेच कुणी विचारत नाही."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. पुसायला काही झाले नव्हते.

सामान्य ज्ञान हा शब्द आपण किती सहजपणे वापरतो! सामान्य म्हणजे कोणाला सामान्य? ज्यांच्या घरी वर्तमानपत्र येते, त्यातही इंग्रजी येते, ज्यांच्या कपाटात शब्दकोश असतो, त्यांना जे जाता येता कळते ते सामान्य. २००० साली खुर्चीवर येणारे लोक आमच्या नजरेला बहुतेक आमच्यासारखे दिसत. खोचलेला शर्ट, नीट भांग, इंग्रजी शब्दाला न अडखळणारी जीभ. आम्ही घरी बसून उत्तर देत होतो आणि तिथे बसलेला आमचाच कोणी चुलतभाऊ वाटत होता. २०१० साली तिथे जो येऊन बसला, तो आमचा चुलतभाऊ वाटेना. तो लहान गावचा होता, हिंदीशिवाय दुसरी भाषा बोलत नव्हता, आणि तरीही एकामागून एक उत्तरे देत होता. इमारतीतल्या कुरबुरींमध्ये दर्जाची काळजी किती आणि खुर्ची हातची गेल्याची चुटपुट किती, याचा हिशेब मी मनाशी पुष्कळदा मांडून पाहिला आहे. चुटपुटीची बाजू थोडी जड निघते.

वकीलसाहेबांनी तर एके दिवशी जिन्यात वाक्यच टाकले: "हल्ली गरिबी हीच चौथी लाइफलाइन झाली आहे!" वाक्य चटकदार होते. आम्ही पुरुष मंडळी हसलो. ही भाजीची पिशवी घेऊन वर येत होती, ती थांबली. "उत्तरं त्यांनाच द्यावी लागतात ना, भावजी?" ती म्हणाली. "का गरिबी बघून कंप्यूटर पर्याय कमी करतो?" वकीलसाहेबांना उलटतपासणीची सवय; पण त्या दिवशी त्यांनी साक्षीदाराला जाऊ दिले.

हिच्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ही एस. एस. सी. झालेली. विसाव्या वर्षी आमच्या घरात आली. पुढे शिकायचे राहिले ते राहिलेच. पण वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकणार नाही. २००० साली आम्ही सगळे सोफ्यावर बसून मोठ्याने चुकीची उत्तरे देत असू, आणि स्वयंपाकघरातून, पोळी लाटता लाटता, हळू आवाजात बरोबर उत्तर येई. रामायण-महाभारत तर सोडाच. नद्या, धरणे, राष्ट्रपतींचा क्रम, सगळे. त्या काळी नाव नोंदवायला टेलिफोन करावा लागे आणि लाइन सदा गुंतलेली. मी कितीदा तरी डायल फिरवून बोटे दुखवून घेतली. "तू कर की," मी तिला म्हणे. "इश्श्य! तिथे जाऊन मी काय बोलू? तिथे आपल्यासारखे नसतात."

मी चकित होऊन पाही. आम्हां बाकीच्यांना तिथे सगळे आपल्यासारखेच दिसत होते. एकाच घरात, एकाच सोफ्याच्या अंतरावर!

२०१० च्या हिवाळ्यात झारखंडमधल्या गिरिडीहच्या राहत तस्लीम या गृहिणीने एक कोटी जिंकले. एकटीने कोटी जिंकणारी ती पहिली बाई. त्या रात्री ही ओल्या हातांनी बाहेर आली आणि शेवटपर्यंत उभीच राहिली. दूध उतू गेले. एरवी दूध उतू गेले तर आमच्या घरात जो दोषारोपाचा कार्यक्रम होतो तो कोटीच्या प्रश्नापेक्षा लांबतो. त्या रात्री कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तिने सहज विचारल्यासारखे विचारले, "तो नाव नोंदवायचा नंबर कुठला हो?" आणि त्यानंतर रात्री नऊ वाजता पोळ्या आधीच झालेल्या असत आणि ही सोफ्यावर आमच्यामध्ये बसू लागली. उत्तर मोठ्याने देऊ लागली. अण्णा तिच्याकडे पाहून मला म्हणाले, "हिला बँकेत घातली असती तर तुझ्या आधी मॅनेजर झाली असती." माझ्या घरातल्या स्थानाला त्या कार्यक्रमाने असा धक्का दिला.

पुढच्या वर्षी, २०११ साली, बिहारमधल्या मोतीहारीचा सुशील कुमार पाच कोटी जिंकला. या रकमेला 'पंचकोटी महामनी' असे भारदस्त नाव दिले होते. रोजगार हमीच्या कचेरीत संगणक चालवणारा मुलगा, पगार महिना सहा हजार. अण्णांनी लगेच कागद मागवला. बक्षिसाच्या रकमेवर आयकर तीस टक्के. म्हणजे हाती साडेतीन कोटींच्या आसपास. सहा हजारांप्रमाणे वर्षाचे बहात्तर हजार. भागाकार करून अण्णांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. "चारशे शहाऐंशी वर्षांचा पगार! शिवाजी महाराजांच्या आधीपासून नोकरीला लागायला हवा होता."

या सुशील कुमारने २०२० साली स्वतःच लिहून जाहीर केले, की जिंकल्यानंतरचा काळ त्याला फार कठीण गेला. देणग्या मागणारे आले, फसवणारे आले, व्यसन लागले, घरात बेबनाव झाला. पुढे व्यसने सोडली आणि झाडे लावण्यात मन रमवले, असेही त्याने लिहिले. आमच्या इमारतीच्या मोबाइलवरच्या गटात ही बातमी फिरली आणि तिच्याखाली एकामागून एक 'बघा!' उमटले. बघा, पचत नाही. बघा, आम्ही म्हणतच होतो. मला ते 'बघा' बरे वाटले नाही. त्याच गटातल्या काहींनी शेअरबाजारात काय काय पचवले आहे, हे पासबुके भरून देताना मी पाहिलेले आहे. फरक एवढाच, की त्यांनी ते लिहून जाहीर केले नाही.

मराठीतही हा खेळ २०१३ साली आला. ई टीव्ही मराठीवर, सचिन खेडेकर प्रश्न विचारीत. त्याबद्दलची उत्तम प्रतिक्रिया आमच्या आईची. वय ऐंशीच्या पुढे. "मराठीत विचारलं की मला निम्म्याहून जास्त येतं," ती आश्चर्याने म्हणाली. "मला वाटत होतं मला काही येतच नाही." तेरा वर्षे ती हिंदीतला कार्यक्रम पाहत होती आणि आपण अज्ञानी आहोत असे समजत होती, तिला अडत होते ते फक्त प्रश्नात काय म्हटले आहे ते!

२०१९ च्या सप्टेंबरात अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी हिंदी कार्यक्रमात एक कोटी जिंकले. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या बाई. मानधन महिना दीड हजार. जिंकलात तर काय घ्याल, तर एक मोबाइल, कारण घरात सगळ्यांत मिळून एकच होता. अकोल्याहून आमच्या वहिनींचा रात्री साडेदहाला फोन: "पाहिलं का? आमच्याकडची बाई हाय!" ज्या वहिनी एरवी पुण्यामुंबईच्या लोकांपुढे जपून जपून बोलतात, त्या त्या रात्री अस्सल वऱ्हाडीत अर्धा तास बोलल्या.

सकाळी जिन्यात वकीलसाहेब पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. "आपली मराठी बाई!" मी एक पेढा घेतला. चौथ्या लाइफलाइनची आठवण करून द्यावी, असे जिभेवर आले होते. पण पेढा चांगला होता. गरिबी मराठी असली म्हणजे ती लाइफलाइन राहत नसावी. हिने मात्र पेढा घेताना विचारलेच, "भावजी, त्यांचे प्रश्न सोपे होते का हो?" वकीलसाहेब म्हणाले, "छे! मला दोन आले नाहीत." त्यांच्या तोंडून असे काही मी तरी प्रथमच ऐकले.

त्यानंतरच्या वर्षी साथ आली. २०२० च्या पर्वात स्टुडिओत प्रेक्षक नव्हते, त्यामुळे प्रेक्षकांचा कौल ही सोय गेली. तिच्याऐवजी मित्राला दृश्य-फोन. रिकाम्या बाकांपुढे तो वृद्ध नट प्रश्न विचारीत होता. त्या वर्षी कोणी तक्रार केली नाही. हेडमास्तरांनीसुद्धा नाही. त्यांचा मुलगा परदेशी अडकलेला, आमची कन्या बंगळूरला अडकलेली. रात्री नऊ वाजता हेडमास्तर आपल्या दारात आणि आम्ही आपल्या दारात खुर्च्या टाकून, दोन्ही टी. व्ही. एकाच वाहिनीवर लावून, मधल्या मोकळ्या जागेतून एकमेकांना उत्तरे सांगत असू. हेडमास्तर गाण्यांच्या प्रश्नांनासुद्धा उत्तरे देऊ लागले होते. "चौथीच्या पोराला येईल," असे मात्र म्हणत नव्हते. कारण दोनदा चुकले होते.

पुतण्या परीक्षा पास होऊन तहसील कचेरीत लागला. प्रश्नांच्या त्याच्या चार वह्या आमच्या माळ्यावर आहेत. रद्दीत द्यायला ही तयार नाही. २०२५ च्या ऑगस्टात सतरावे पर्व सुरू झाले, बच्चनसाहेबच समोर. त्याआधी नाव नोंदवायला जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे हिने मोबाइलवरून नेमाने पाठवली. पंधरा वर्षे पाठवते आहे. बोलावणे अजून आले नाही. साडी मात्र ठरली आहे: धाकट्या बहिणीने दिलेली मोरपंखी, कारण पांढऱ्या प्रकाशात फिक्या साड्या उठून दिसत नाहीत, असा तिचा अनेक वर्षांचा अभ्यास आहे. यंदा नोंदणीचा एक प्रश्न ऐकून हेडमास्तर म्हणाले, "फारच सोपा होता." हिने विचारले, "मग तुम्ही पाठवलंत का उत्तर?"

हेडमास्तर म्हणाले, "पाठवलं."